धूर ऑफिसचा!

प्रेसमध्ये काम करणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी न मागता साठतात. एक रद्दी आणि दुसरे किस्से. रद्दी दर महिन्याला रद्दीवाला उचलून नेतो. किस्से मात्र कोणी नेत नाही! ते माझ्याकडेच पडून राहतात. परवा चहाला जमलेल्या मैत्रिणींनी "तुझ्या त्या विडीकाडीच्या गोष्टी सांग ना," असा इतका आग्रह केला, की म्हटलं आता एकदा लिहूनच काढावं.

आमची प्रेस सदाशिव पेठेत आहे. खाली छपाईची मशिनं. वर ऑफिस, टाइपसेटिंग, प्रुफं आणि मागच्या अंगाला बाइंडिंग. मी तिथली मॅनेजर, लिमयेबाई. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. वडिलांनी सुरू केलेली प्रेस ते चालवतात, आणि अगदी आत्ताआत्तापर्यंत दिवसाला एक पाकीट सिगरेटीही चालवत होते. त्यांच्या जोडीला आणखी दोघं होते, मुद्रितं तपासणारे बापटसर आणि मशिनवरचा म्हस्के.

म्हणजे बघा, छतापर्यंत कागद रचलेली इमारत, आणि त्यात तीन माणसं दिवसभर काडी ओढतायत! आणि आम्हाला कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. हे सांगताना मला आता लाज वाटते, पण खरं तेच आहे.

* * *

सुरुवात रशीदभाईंच्या खोकल्यापासून झाली.

रशीदभाई म्हणजे आमचं बाइंडिंग. अण्णांच्या वडिलांच्या वेळेपासून आहेत. कागदाच्या थप्पीवरून नुसता अंगठा फिरवतात आणि सांगतात, "बाई, दोन कमी आहेत." मोजून बघावं तर बरोबर दोन कमी! माणूस अतिशय मऊ. तक्रार हा विषय त्यांनी शाळेतच सोडून दिला असावा.

खोकला वर्षभर होता. आम्ही म्हणायचो, कागदाची धूळ असेल. ते म्हणायचे, खळीचा वास असेल. एक दिवस ते जिन्यात मधेच बसले आणि त्यांना उठताच येईना. मग मात्र मी कोणाचं ऐकलं नाही. त्यांना रिक्षात घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते, पण बोलणं अस्सल पेठी. छाती तपासून त्यांनी विचारलं, "विडी?"

"नाही."

"सिगरेट?"

"नाही."

"घरात कोणी ओढतं?"

"घरात अगरबत्तीसुद्धा लावत नाहीत, साहेब. मला त्रास होतो म्हणून."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "अहो, मग ही छाती अशी कशाने झाली? हा धूर आहे तरी कुणाचा?"

रशीदभाईंनी प्रामाणिकपणे थोडा विचार केला आणि म्हणाले, "डॉक्टर, तो ऑफिसचा आहे."

डॉक्टर हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "तीन महिन्यांनी परत आणा यांना. तोवर तुमच्या ऑफिसचा धूर बंद व्हायला हवा. नाही झाला, तर यांचं ऑफिस बंद. मी तसं लिहून देणार."

रिक्षाने परत निघालो. टिळक रोडच्या सिग्नलला रशीदभाई म्हणाले, "बाई, अण्णांना सांगू नका हां. मालकाला 'विझवा' कसं म्हणायचं? आणि घरी बसवलं तर मी करू काय? सूनबाई म्हणते, अब्बा आराम करा. आता मला आराम येत नाही, त्याला काय करू?"

मी त्यांना "बरं" म्हटलं. आणि ऑफिसात पोचल्याबरोबर सरळ अण्णांच्या केबिनमध्ये गेले.

* * *

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चेहरा पडला त्यांचा. रशीदभाईंच्या हाताखाली त्यांनी लहानपणी पुस्तकांना पुठ्ठे चिकटवलेले आहेत. ते म्हणाले, "लिमयेबाई, हे फार गंभीर आहे. यावर नीट विचार केला पाहिजे."

आणि विचार करण्यासाठी त्यांनी सिगरेट पेटवली!

मी म्हटलं, "अण्णा, विचार जरा कमी करा."

त्यांनी हातातल्या सिगरेटकडे असं बघितलं, जणू ती तिथे कशी आली तेच त्यांना समजत नव्हतं. विझवली. मग मी परतीच्या रिक्षात मोबाइलवर वाचून काढलेला कायदा त्यांच्यापुढे ठेवला. कामाची जागा धूरमुक्त ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा मॅनेजरची. पाट्या लावायच्या. ॲशट्रे, काडेपेटी, लायटर यांतलं काही ऑफिसने पुरवायचं नाही. कोणी ओढताना दिसलं तर तक्रार कोणाकडे करायची, त्याचं नाव पाटीवर लिहायचं. पाहुणा असो की कामगार, नियम सगळ्यांना सारखा.

"आणि नाही पाळला तर काय, येरवड्याला पाठवतात का?"

"नाही हो, दंड करतात. पण रशीदभाईंना आपण घरी पाठवतोय, त्याचं काय?"

अण्णांनी ॲशट्रे टेबलाच्या कडेला सरकवला. मग कुरकुरले, "अहो, पण ओढणाऱ्यांना थांबवायचं म्हणजे कुणाला थांबवायचं? सगळ्यात जास्त तर मीच ओढतो!"

"मग तर सोपंच झालं. ओळखीचा माणूस आहे."

* * *

पाटी करायला टाकली. चार दिवसांत आली. निळ्यावर पांढरी अक्षरं, ठसठशीत. जिन्याच्या तोंडाशी लावली आणि मी समाधानाने जेवायला बसले.

डबा संपवून येते तर पाटीखाली बापटसर उभे. एका हातात लाल पेन, दुसऱ्या हातात पेटलेली सिगरेट!

बापटसर निवृत्त मराठीचे शिक्षक. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर शेवटचा हात त्यांचा फिरतो. त्यांनी खूण केल्याशिवाय मशीन सुरू होत नाही, इतका त्यांचा दरारा.

"सर, अहो पाटी!"

"तीच वाचतोय." त्यांनी पेनाने पाटीवर टकटक केलं. "'धुम्रपान निषिद्ध.' पहिला धु ऱ्हस्व. धुम्रपान नावाची कुठलीही गोष्ट मराठीत नाही. जी गोष्ट अस्तित्वात नाही, तिच्यावर बंदी घालायला माझी काही हरकत नाही. मी करतोय ते धूम्रपान. दीर्घ!"

आणि त्यांनी पाटीवर चक्क प्रुफाची खूण केली. धु भोवती लाल गोल, समासात रेघ ओढून दीर्घ धू.

पाटी परत गेली. दुसरी आली. धू दीर्घ होता, पण आता 'निषिद्ध'मध्ये घोटाळा. आधी ध आणि खाली द! सरांनी पुन्हा लाल गोल केला आणि पुन्हा काडी ओढली.

तिसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. अवघड शब्दच नको म्हणून 'येथे सिगरेट ओढू नये' असं लिहून आणलं. सर म्हणाले, "'ओढू नये' हा सल्ला झाला, लिमयेबाई. थंड पाणी पिऊ नये, त्यातला प्रकार. सल्ल्याबद्दल आभार."

तोपर्यंत डॉक्टरांच्या तीन महिन्यांतले वीस दिवस गेले होते. आत बाइंडिंगमध्ये रशीदभाई तोंडाला रुमाल बांधून पुस्तकांचे छापील, घडी घातलेले फर्मे शिवत होते, आणि इकडे आमचा ऱ्हस्वदीर्घाचा तास चालला होता. मला रडू येईल इतका संताप आला होता.

या वेळी अक्कल अण्णांना सुचली. त्यांनी कोरा पत्रा, रंगाचा डबा आणि ब्रश सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "सर, आमच्याच्याने काही जमत नाही. आपणच लिहा."

सरांनी दोन दिवस घेतले. अक्षर काय होतं म्हणून सांगू! 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र. येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे.' लोक मुद्दाम जिन्यात थांबून बघायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर नेहमीप्रमाणे पाटीखाली आले, खिशातून पाकीट काढलं, वर बघितलं, आणि पाकीट परत खिशात ठेवलं.

"का हो सर, आता कसली चूक सापडली?"

"चूक नाही ना, हीच पंचाईत आहे," ते म्हणाले. "निर्दोष मजकूर आहे. शिवाय अक्षर माझं. आता कुठल्या तोंडाने ओढू?"

* * *

पण 'येथे' या शब्दाने घात केला.

म्हस्केने पाटी वाचली आणि जिन्याऐवजी गॅलरीत जाऊन विडी पेटवली. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "बाई, पाटी जिन्यात हाय. म्हंजी 'येथे' म्हंजी जिन्यात. ही तर ग्यालरी हाय."

गॅलरीत पाटी लावली, तर तो गोदामाच्या दारात गेला. तिथे लावली, तर खिडकीत बसला. अर्धा माणूस आत, अर्धा बाहेर, विडी बाहेरच्या अर्ध्याच्या हातात!

शेवटी सरांनीच मूळ पाटी खाली उतरवली आणि एक ओळ वाढवली. 'जिना, गॅलरी, खिडकी, गोदाम व संडास हे सर्व "येथे"च आहे.'

ही ओळ वाचायला पेठेतली बरीच मंडळी येऊन गेली. काहींनी फोटो काढले.

* * *

पाटीवर तक्रार घेणाऱ्याचं नाव हवं, म्हणून माझं नाव घातलं. 'तक्रारीसाठी संपर्क: लिमये, मॅनेजर, पहिला मजला.' पुण्यात एखाद्या माणसाच्या नावापुढे 'तक्रारीसाठी' लिहिणं म्हणजे काय, ते मला आठवड्यात कळलं.

शेजारच्या सोसायटीतले एक आजोबा वर आले. खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आपणच लिमये का? लिहून घ्या."

मला आनंद झाला. म्हटलं चला, लोक जागरूक झाले. "बोला ना आजोबा, कोण ओढत होतं?"

"ओढत कोणी नव्हतं. तुमची माणसं स्कूटर माझ्या गेटसमोर लावतात."

"अहो, ही धुराच्या तक्रारीची पाटी आहे."

"मग स्कूटर काय गुलाबपाणी सोडते?"

मी लिहून घेतलं. तेव्हापासून आमच्या स्कूटरी पलीकडच्या बोळात असतात. शिवाय त्या आजोबांच्या पाण्याच्या टाकीची तक्रारही माझ्याच वहीत आहे. ती कोणाकडे पाठवायची, ते मला अजून कळलेलं नाही.

* * *

मधेच एक आठवडा ऑफिसात स्ट्रॉबेरीचा वास यायला लागला.

बापटसरांनी सगळ्यांचे डबे हुंगले. मी जॅमची बाटली फुटली असेल म्हणून कपाटं उपसली. रशीदभाई मात्र दुपारी त्या वासाने परत खोकले.

तपास प्रणालीपर्यंत पोचला. ही आमची कव्हरं करणारी मुलगी, गुणी आणि फटकळ. तिच्या हातात एक गुलाबी पेनासारखी वस्तू होती.

"मॅडम, चिल! हा स्मोक नाहीये, व्हेपर आहे. टोटली वेगळं असतं. पाटीवर कुठे लिहिलंय?"

मी तिला असल्या ई-सिगरेटच्या विक्रीवरच बंदी आहे ते सांगणार, तेवढ्यात सर पलीकडच्या टेबलावरून मान वर न करता म्हणाले, "व्हेपर म्हणजे वाफच ना? मराठीत याला तोंडाची वाफ दवडणं म्हणतात. तेही ऑफिसात निषिद्ध आहे."

प्रणाली काही तरी बोलणार होती. पण तेवढ्यात आतून रशीदभाईंच्या खोकल्याची मोठी उबळ आली आणि ती थांबेना. प्रणाली उठली, त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा ती गुलाबी वस्तू तिने माझ्या टेबलावर ठेवली. "सॉरी मॅडम. मला कोणी त्यांचं सांगितलंच नव्हतं."

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. चूक माझी. त्या दिवसापासून नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी आधी रशीदभाईंना भेटवते आणि मग कॉम्प्युटर दाखवते.

* * *

आमच्याकडे एक गृहस्थ आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायला आले. बँकेतून निवृत्त झालेले, रुबाबदार. काम मोठं होतं आणि अण्णांचा जीव त्यात होता. गृहस्थ केबिनमध्ये बसले, वंशवृक्ष पसरला, आणि सातव्या पिढीपाशी येऊन त्यांनी सिगरेट काढली. लायटरही काढला.

मी दारात उभी होते. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी अण्णांकडे. घरच्या माणसाला 'विझव' म्हणणं वेगळं. गिऱ्हाइकाला म्हणायचं कसं?

गृहस्थांनी पेटवलीसुद्धा. आणि नेमके तेव्हाच रशीदभाई बांधणीचा नमुना दाखवायला आत आले. धूर बघितला आणि दारातच थबकले. नुसते दोन पावलं मागे सरले, नमुना छातीशी धरून.

ती दोन पावलं अण्णांना सहन झाली नाहीत. ते उठून उभे राहिले. "साहेब, पुस्तक तुमचं आहे. पण छाती त्यांची आहे. कृपा करून ती खाली रस्त्यावर जाऊन ओढा."

गृहस्थ लाल झाले. मला वाटलं, गेलं काम! पण ते उठले, रशीदभाईंना म्हणाले, "माफ करा हं, माझ्या लक्षात आलं नाही," आणि जिना उतरायला लागले. अण्णा सोबत म्हणून मागोमाग गेले.

वीस मिनिटांनी दोघं परत आले. दोघांचीही तोंडं प्रसन्न होती. अण्णांच्या शर्टाचा वास सांगत होता, की त्यांनी सोबत अगदी मनापासून दिली.

* * *

दोन महिने झाले. पाट्या लागल्या, सर थांबले, अण्णा रस्त्यावर जायला लागले. तरी रशीदभाईंचा खोकला काही हटेना. कॅलेंडरवर डॉक्टरांची तारीख मला रोज दिसायची. रशीदभाईंनी तर आपली खास सुई आणि घड्या दाबायची हाडाची पट्टी एका रुमालात बांधून ठेवली होती. "घरी न्यायला बरं पडेल," म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

मग एकदा मी बाइंडिंगच्या खिडकीपाशी उभी राहिले आणि खालून धूर वर येताना बघितला. खाली आमच्या संडासाची झडपांची खिडकी. तिथून सरळ खिडकीत!

म्हस्केला बोलावलं. हा रोज खेड शिवापूरकडून स्वारगेटला उतरून चालत येतो. कामाला वाघ, पण कबूल करणं रक्तात नाही.

"म्या न्हाय वडली, बाई. मशिनची वाफ आसंल."

"मशीन सकाळपासून बंद आहे."

"मंग थंडीची आसंल."

"म्हस्के, मे महिना चालू आहे!"

मी त्याला हाताला धरून वर नेलं आणि त्या खिडकीपाशी उभं केलं. खाली संडासात त्याचीच अर्धी विडी अजून धुमसत होती. रशीदभाई तिथेच बसून, नाकाला रुमाल बांधून शिवत होते.

म्हस्केने नाक वर केलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. मग हळूच म्हणाला, "आयला, ह्यो तर माझ्याच बंडलाचा वास हाय."

त्याचा चेहरा कसनुसा झाला. "रशीदचाचा, तुमास्नी ठावं हुतं? मंग येवढे दिस सांगायचं न्हाय व्हय?"

रशीदभाईंनी रुमाल खाली केला. "अरे, बाहेर किती ऊन असतं. तू जाणार कुठे, म्हणून नाही बोललो."

म्हस्के तसाच खाली गेला. पाच मिनिटांनी संडासात कोणी तरी बादल्या ओतत असल्याचा आवाज आला. त्यानंतर तो रस्ता ओलांडून पलीकडच्या झाडाखाली जातो, भर उन्हातसुद्धा. अण्णांनी त्याला त्यासाठी दुपारी दहा मिनिटांची वेगळी सुट्टी दिली आहे. "त्याला आपण रस्त्यावर काढला, तर निदान वेळ तरी देऊ," असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी आपणहून केलं, मला सांगावं लागलं नाही.

* * *

गॅलरीतला धूर गेल्यावर एक गंमत उघडकीला आली. आमच्या प्रेसचे सगळे निर्णय इतकी वर्षं त्या गॅलरीत होत होते!

कागद कोणता, कव्हर कसं, पुस्तक कधी द्यायचं, हे अण्णा, सर आणि म्हस्के एकेका काडीत ठरवून मोकळे व्हायचे. मी आणि रशीदभाई न ओढणारे, म्हणून आम्हाला सगळं ठरल्यावर कळायचं. मी इतकी वर्षं मॅनेजर होते आणि मॅनेज काय करत होते, देव जाणे!

आता गॅलरी बंद. मग अण्णा काय करणार? कुलवृत्तांताचे फर्मे छापून आले तेव्हा ते कागद घेऊन इकडेतिकडे फिरले आणि शेवटी बाइंडिंगच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "रशीदभाई, याला शिलाई कोणती करावी? तुम्हाला काय वाटतं?"

रशीदभाईंनी हातातली सुई खाली ठेवली. अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग चांगला अर्धा तास बोलले. दोरा, खळ, पुठ्ठा, कणा, सगळं. मी त्यांना एका दमात इतकं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. मुख्य म्हणजे, मधे एकदाही खोकले नाहीत.

अण्णा गेल्यावर मला म्हणाले, "बाई, इतकी वर्षं मला 'झालं का?' असं विचारायचे. 'कसं करू?' हे आज पहिल्यांदा विचारलं."

* * *

आणि आता शेवटचा. हा किस्सा मी सगळ्यांना सांगते, आणि सांगताना प्रत्येक वेळी माझा आवाज जरा बिघडतो.

तीन महिने भरले. रशीदभाईंना डॉक्टरांकडे न्यायचा दिवस आला. सकाळपासून ते नेहमीपेक्षा हळू काम करत होते. एकेका पुस्तकाचा कणा दाबून दाबून बघत होते, शेवटचा दिवस असल्यासारखा. रिक्षा आली तेव्हा अण्णाही खाली आले आणि न विचारता आत बसले. "मालक मी आहे. काय सांगायचं ते डॉक्टरांनी मला सांगावं."

क्लिनिकच्या बाहेर अण्णांनी एक सिगरेट पेटवली, दोन झुरके घेतले, आम्ही बघतोय हे लक्षात आल्यावर विझवली, आणि आत आले.

डॉक्टरांनी छाती तपासली. मग एक प्लॅस्टिकची नळी काढली. तिच्यावर एक छोटा काटा असतो. जोरात फुंकलं की तो पुढे सरकतो, आणि श्वास किती आहे ते कळतं. मागच्या वेळीही त्यांनी रशीदभाईंना ती फुंकायला लावली होती.

"चला, लावा जोर."

रशीदभाईंनी मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हटलं असावं, ओठ हलले. मग डोळे मिटून फुंकलं.

काटा सरकला. डॉक्टरांनी मागची नोंद काढली, परत काट्याकडे बघितलं, आणि त्या पेठी चेहऱ्यावर चक्क हसू आलं. "अहो, तुम्ही तर पार पुढे गेलात! धूर बंद केलेला दिसतोय. जा, खुशाल कामावर जा."

रशीदभाईंनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. मला तर समोरचं दिसेना. अण्णा इतके खूश झाले की त्यांना काय करावं सुचेना. एखाद्या मुलासारखे म्हणाले, "मजाच आहे हो या नळीची! बघू बरं, मी फुंकून बघतो."

डॉक्टरांनी तिला नवीन तोंड बसवून दिलं. अण्णांनी छाती फुगवली आणि सगळा जोर लावून फुंकलं.

काटा थोडा हलला आणि थांबला. रशीदभाईंच्या कितीतरी मागे.

"नळी बिघडली वाटतं," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी दुसरी नळी दिली. अण्णांनी पुन्हा फुंकलं. या वेळी काटा पहिल्यापेक्षाही अलीकडे थांबला, आणि अण्णांना खोकला आला. बराच वेळ आला.

डॉक्टर कागदावर काही लिहायला लागले. अण्णा हातातल्या नळीकडे बघत बसले होते.

रशीदभाई उठले. अण्णांच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "अण्णा, उद्यापासून तुमची खुर्ची माझ्या बाइंडिंगमध्ये टाका. तिथली हवा फार चांगली आहे."